नियम कोणासाठी बदलतात?

डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने आपल्या नियमावलीतले दोन नियम बदलले. नियम ६ अध्यक्षाच्या निवडीचा आणि नियम ७ उपाध्यक्षाच्या. तोवर या पदासाठी एकापेक्षा जास्त उमेदवार उभे राहिले, तर आमदार गुप्त मतदान करत. नव्या नियमांनी गुप्त मतपत्रिका गेली आणि खुले मतदान आले. बातमी काही दिवस टीव्हीवर चालली, मग नव्या भांडणाने तिची जागा घेतली. बीडमध्ये, परळीत, अंबाजोगाईत कुणी त्यावर फार डोके खपवले असेल असे वाटत नाही. सभागृहाचे नियम म्हणजे आमदारांचे आपसातले काम, आपला त्याच्याशी काय संबंध, अशीच आपली समजूत असते.

ही समजूत आपल्याला महागात पडते. का, ते आकड्यांनी पाहू. २०२४ च्या निवडणुकीत विधानसभेच्या २८८ जागांवर १० मुस्लिम आमदार निवडून आले. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत मुसलमान साडेअकरा टक्के आहेत. हे दहा जण वेगवेगळ्या पक्षांत विखुरलेले आहेत. सगळे एकत्र आले तरी एकही कायदा मंजूर करू शकत नाहीत आणि एकही रोखू शकत नाहीत. हे फक्त आपलेच दुखणे नाही. ऊसतोड मजूर, भटके-विमुक्त, कोरडवाहू शेतकरी, छोट्या पक्षांचे एकटे-दुकटे आमदार, सगळे याच रांगेत आहेत. हात मोजायची वेळ आली की ज्यांची हार ठरलेली आहे, त्यांच्यासाठी सभागृहात एकच गोष्ट उरते: बोलण्याचा, विचारण्याचा आणि नोंद करून ठेवण्याचा हक्क. हा हक्क बहुमतातून येत नाही, नियमावलीतून येतो.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये काढली जातात, ही गोष्ट बीडमध्ये गावोगाव माहीत होती. पण माहीत असणे वेगळे आणि सरकारने कबूल करणे वेगळे. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत या विषयावर प्रश्न आला. तेव्हा आरोग्यमंत्री असलेल्या एकनाथ शिंदे यांना उत्तर द्यावे लागले, आणि तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली, हा आकडा सरकारी नोंदीत आला. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या बायकांच्या हाती ना सत्ता होती ना संख्या. त्यांच्या कामी आला तो सभागृहात प्रश्न विचारण्याचा नियम.

दुसरे उदाहरण अजून ताजे आहे. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली. आठवड्याभरात नागपूरला हिवाळी अधिवेशन सुरू झाले. ते अवघ्या सहा दिवसांचे. तरीही सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाजूंच्या आमदारांनी तो विषय सभागृहात लावून धरला, आणि २० डिसेंबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना सविस्तर उत्तर द्यावे लागले. विशेष तपास पथक, न्यायालयीन चौकशी, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांची बदली, या घोषणा सभागृहातच झाल्या. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, औचित्याचा मुद्दा, स्थगन प्रस्ताव, ही सगळी साधने नियमावलीने दिलेली आहेत. नियमावली बदलली की साधनेही बदलतात. सप्टेंबर २०२० मध्ये कोविडचे कारण देऊन संसदेतला प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला होता, हे विसरू नका.

मग हे नियम बदलतो कोण? राज्यघटनेच्या अनुच्छेद २०८ ने प्रत्येक सभागृहाला आपल्या कामकाजाचे नियम स्वतः करण्याचा अधिकार दिला आहे. त्यासाठी साधे बहुमत पुरते, म्हणजे हजर राहून मत देणाऱ्यांचे बहुमत. आणि गणपूर्तीसाठी, म्हणजे कोरमसाठी, एक दशांश सदस्य लागतात. २८८ च्या सभागृहात २९ जण बसले की कोरम भरला. त्यांतले १५ जण एका बाजूला झाले की काम झाले. प्रत्यक्षात इतक्या कमी लोकांत असे होत नाही, पण दार तेवढे उघडे आहे.

आता याची तुलना आपल्या माहितीतल्या संस्थांशी करा. सहकारी पतसंस्थेचे किंवा साखर कारखान्याचे उपविधी बदलायचे असतील, तर सर्वसाधारण सभेची आगाऊ नोटीस लागते, हजर सभासदांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते आणि वर निबंधकाची मंजुरी लागते. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या आपल्या मित्रांना हाउसिंग सोसायटीतला हा अनुभव असेल. मोहल्ल्यातल्या कब्रस्तानच्या कमिटीची घटना बदलायची म्हटली, तरी जुम्म्याच्या नमाजनंतर जमातीसमोर मशवरा व्हावा, अशी लोकांची अपेक्षा असते. साडेबारा कोटींच्या राज्याचे कायदे जिथे होतात, त्या सभागृहाचे नियम मात्र याहून सहज बदलता येतात.

डिसेंबर २०२१ मध्ये काय घडले ते या नजरेने पाहा. नाना पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला होता. खुर्ची रिकामी होती, उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम पाहत होते. महाविकास आघाडीचे सरकार होते. आघाडीकडे बहुमत होते, पण गुप्त मतदानात आपलेच काही आमदार फुटतील ही धास्तीही होती. म्हणून हिवाळी अधिवेशनात नियम बदलण्याचा प्रस्ताव आला. अधिवेशन मुंबईत झाले, २२ ते २८ डिसेंबर. हरकती आणि सूचनांसाठी दहा दिवसांऐवजी एकच दिवस ठेवला, असा आक्षेप तेव्हाचे विरोधी पक्षनेते फडणवीस यांनी घेतला. प्रस्ताव मंजूर झाला. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी हा बदल सकृद्दर्शनी घटनाबाह्य वाटतो असे कळवले आणि निवडणुकीची तारीख दिली नाही. भाजपचे आमदार गिरीश महाजन उच्च न्यायालयात गेले. याचिका ऐकण्याआधी त्यांना दहा लाख रुपये अनामत भरावी लागली, आणि मार्च २०२२ मध्ये याचिका फेटाळली गेली.

पुढचा भाग सगळ्यांना माहीत आहे, पण नियमांच्या बाजूने तो क्वचितच सांगितला जातो. जूनमध्ये शिवसेना फुटली, सरकार पडले, नवे सरकार आले. ३ जुलै २०२२ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली, ती त्याच बदललेल्या नियमांनी. ज्या राज्यपालांनी तारीख दिली नव्हती त्यांनीच ती दिली. ज्या पक्षाच्या आमदाराने नियमांना न्यायालयात आव्हान दिले होते, त्याच पक्षाचे राहुल नार्वेकर उभे राहून, डोकी मोजून, १६४ विरुद्ध १०७ मतांनी निवडून आले. आणि ज्या आघाडीने आपल्या सोयीसाठी नियम केला, तिच्या वाट्याला पराभव आला. जानेवारी २०२४ मध्ये आमदारांच्या अपात्रतेचा निकाल देणारे अध्यक्ष हेच.

या सगळ्यात कोण खरे, कोण खोटे, या वादात मी पडणार नाही. दोन्ही बाजूंनी तत्त्वाची भाषा केली आणि दोन्ही बाजू सोयीने वागल्या. मला त्यातून एक साधी गोष्ट दिसते. नियम करताना आपण सत्तेत आहोत एवढेच करणाऱ्याला दिसत होते. सहा महिन्यांनी आपण समोरच्या बाकावर बसू, हा विचार कुणी केला नाही.

बदलाच्या आशयाबद्दल दोन प्रामाणिक मते असू शकतात. आघाडीचे म्हणणे होते की लोकसभेतही अध्यक्षाची निवड खुल्या प्रस्तावाने होते आणि त्यामुळे घोडेबाजाराला आळा बसतो. हे म्हणणे चुकीचे नाही. दुसऱ्या बाजूला ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने उलटा रस्ता धरला. तिथे अध्यक्ष पक्षाच्या दबावाविना निवडला जावा म्हणून गुप्त मतदानाचा नियम आला. पण तो कसा आला ते पाहा. सभागृहाच्या कार्यपद्धती समितीने अभ्यास करून शिफारस केली, २००१ मध्ये नियम झाला आणि तो पहिल्यांदा वापरला गेला जून २००९ मध्ये. मध्ये आठ वर्षे गेली. नियम झाला तेव्हा तो कुणाच्या पथ्यावर पडेल हे कुणालाच सांगता आले नसते. म्हणूनच तो सगळ्यांचा नियम ठरला. आपल्याकडे नियम झाला तेव्हा तो कुणासाठी आहे, हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक होते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या कामात एक शिस्त असते. सगळ्यांच्या वापरातल्या कोडमध्ये कुणीही एकट्याने बदल करून तो थेट चालू प्रणालीवर टाकत नाही. बदल लिहून काढायचा, का हवा ते सांगायचे, ज्याने तो लिहिला नाही अशा माणसाने तो तपासायचा, आणि मगच तो पुढे जातो. ही शिस्त एकमेकांवर विश्वास नाही म्हणून नसते. घाईत असलेल्या माणसाला फक्त आपली अडचण दिसते, हे सगळ्यांना मान्य असते म्हणून असते. कंपनीच्या एका ॲपसाठी आपण एवढी काळजी घेतो. विधानसभेच्या नियमांसाठी ती मागणे फार मोठी मागणी नाही.

त्याच काळातली आणखी एक घटना या मुद्द्याशी जोडलेली आहे. ५ जुलै २०२१ रोजी भाजपचे १२ आमदार गैरवर्तनाच्या ठरावाने एक वर्षासाठी निलंबित झाले. त्यांत आपल्या मराठवाड्यातल्या औसा आणि बदनापूरचे आमदारही होते. विधानसभेच्या नियम ५३ मध्ये अशा कारवाईची पायरी ठरलेली आहे: आधी त्या दिवसापुरते बाहेर, पुन्हा घडले तर उरलेल्या अधिवेशनापुरते. एक वर्ष कुठेच नाही. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव त्या अधिवेशनापलीकडे घटनाबाह्य ठरवला. न्यायालयाचा मुद्दा असा की हे निलंबन हकालपट्टीपेक्षाही वाईट आहे. हकालपट्टीनंतर पोटनिवडणूक तरी होते. इथे मतदारसंघ वर्षभर मुका राहतो आणि शिक्षा मतदार भोगतो. त्या बारा जणांची मते मला पटोत न पटोत, हा निकाल माझ्याही कामाचा आहे. उद्या याच पद्धतीने आपल्या बाजूने बोलणारा एकटा आमदार बाहेर काढला जाऊ शकला असता. बहुमत आज ज्याच्यावर चालले, उद्या ते कुणावर चालेल हे त्याला कधीच माहीत नसते.

आता मूळ प्रश्नाकडे. नियम बदलतात, पण कोणासाठी? २०२१ चा बदल पारदर्शकतेच्या नावाने झाला. आमदाराने कुणाला मत दिले ते दिसले पाहिजे, हा त्याचा आधार. ठीक आहे. पण हे दिसणे कुणाला हवे होते? पक्षाच्या प्रतोदाला. मतदाराला जिथे दिसायला हवे तिथे अजूनही काही दिसत नाही. विधेयके बहुतेक वेळा आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, सदस्य "होय" म्हणून ओरडतात, विधेयक संमत. कुणी मतविभाजन मागितले नाही तर कोण काय म्हणाले याची नावनिशीवार नोंद होत नाही.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत असेच आवाजी मतदानाने मंजूर झाले. त्याआधी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे लोकांनी १२ हजारांहून जास्त हरकती आणि सूचना पाठवल्या होत्या. समितीने मसुद्यात काही बदलही सुचवले आणि ते झाले. म्हणजे प्रक्रियेला वेळ दिला की फरक पडतो, थोडा का होईना. पण शेवटच्या क्षणी, ज्या कायद्यावर हजारो लोकांनी लिहून कळवले, त्यावर बीड जिल्ह्याच्या सहा आमदारांपैकी कुणी काय मत दिले, हे आपल्याला नोंद उघडून पाहता येत नाही. विरोध नोंदवणारे म्हणून नाव पुढे आले ते डहाणूचे माकपचे विनोद निकोले यांचे. ते एकटे होते, तरी नोंद झाली, कारण ते उठून बोलले.

दिल्लीत वक्फ विधेयकाच्या वेळी हेच वेगळ्या रूपात दिसले. संयुक्त संसदीय समितीतल्या विरोधी सदस्यांनी असहमतीची टिपणे दिली. त्यांतला काही मजकूर अहवालातून वगळला गेला, आणि असे वगळण्याचा अधिकार नियमांनी अध्यक्षांना दिला आहे असे सांगितले गेले. गदारोळ झाल्यावर तो मजकूर अहवालाला जोडण्यात आला. एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत विधेयक २८८ विरुद्ध २३२ मतांनी मंजूर झाले. टिपणे असोत वा नसोत, निकाल तोच लागला असता. पण मराठवाड्यात, जिथे निजामकाळापासूनच्या वक्फ जमिनी गावोगाव आहेत, तिथे कुणी कोणत्या कलमाला का विरोध केला, ही नोंद उद्या लागणार आहे. न्यायालयात लागेल, आपल्या मुलांना सांगताना लागेल. हरलेल्याच्या हाती शेवटी नोंदच राहते. ती पुसायची की ठेवायची, हे एका माणसाच्या मर्जीवर सोडणारा नियम वाईट आहे. खुर्चीवर आपला माणूस बसला असता तरीही वाईटच असता.

आणि जिथे नियम लिहिलेलाच नाही, तिथले हाल तर आपण पाहतोच आहोत. २०२४ च्या निकालानंतर कोणत्याही विरोधी पक्षाकडे २८८ च्या दहा टक्के, म्हणजे २९ जागा आल्या नाहीत. सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाकडे २० होत्या. वर्ष उलटून गेले तरी विधानसभेला विरोधी पक्षनेता मिळाला नाही. विरोधी पक्षनेत्यांच्या वेतनाचा राज्याचा १९७८ चा कायदा दहा टक्क्यांची अट घालत नाही. निर्णय अध्यक्षांच्या हाती. ज्या बीड जिल्ह्याने गोपीनाथ मुंडे यांच्यासारखा विरोधी पक्षनेता राज्याला दिला, त्या जिल्ह्यातल्या लोकांना या पदाची किंमत समजावून सांगावी लागू नये.

तर मग आपण काय मागायचे? माझ्या मते चार गोष्टी.

पहिली: नियमदुरुस्तीचा मसुदा मराठीत, कारणांसह, लोकांसमोर यावा आणि हरकतींची ठरलेली मुदत कोणत्याही ठरावाने कमी करता येऊ नये.

दुसरी: अध्यक्ष-उपाध्यक्षांची निवड, निलंबन, मतदानाची पद्धत, अशा नियमांतला बदल पुढच्या विधानसभेपासून लागू व्हावा. ज्यांनी बदल केला त्यांना त्याचा लगेच फायदा मिळू नये. आणि असा बदल दोन-तृतीयांश बहुमतानेच व्हावा, म्हणजे समोरच्या बाकाशी बोलावेच लागेल.

तिसरी: प्रत्येक विधेयकाच्या अंतिम मंजुरीला नावनिशीवार मतदान व्हावे आणि ती यादी त्याच दिवशी संकेतस्थळावर यावी. तांत्रिकदृष्ट्या हे एका दुपारचे काम आहे, हे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगतो.

चौथी: असहमतीचे टिपण जसे दिले तसे छापले जावे, आणि विरोधी पक्षनेत्याच्या निवडीचा निकष लेखी असावा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. नियम इतके घट्ट केले तर काळाबरोबर बदल कसे होणार? दोन-तृतीयांशाची अट घातली तर अल्पसंख्य बाक प्रत्येक सुधारणा अडवेल. माझे उत्तर असे की अट सगळ्या नियमांना नको. कामाच्या वेळा, अर्जांचे नमुने, समित्यांची नावे साध्या बहुमताने बदलावीत. जे नियम कोण बोलेल, कोण बाहेर जाईल आणि कोण खुर्चीवर बसेल हे ठरवतात, तेवढेच बाजूला काढावेत. आणि अनुच्छेद २०८ सभागृहालाच अधिकार देतो, त्यामुळे हा बदल करायला घटनादुरुस्ती लागत नाही. सभागृहाने स्वतःच्याच नियमावलीत ही बंधने घालून घ्यायची आहेत. उद्याचे बहुमत ती काढूही शकेल हे खरे, पण काढताना त्याला सगळ्यांसमोर कारण सांगावे लागेल.

आपल्यापैकी अनेक जण निवडणुकीत राबतात. बूथवर बसतात, याद्या तपासतात, म्हाताऱ्या माणसांना केंद्रापर्यंत नेतात. निकाल लागला की आपले काम संपले असे धरतो आणि पुढची पाच वर्षे आमदाराला फक्त लग्नात, उर्सात आणि मयतीत भेटतो. अधिवेशनाचे थेट प्रक्षेपण आता मोबाइलवर दिसते. पुढच्या अधिवेशनात एक दिवस, फक्त एक, ते पाहा. आपल्या तालुक्याचा आमदार कोणता प्रश्न विचारतो ते लिहून ठेवा. आणि त्याआधी गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज, परळी, जिथले तुम्ही मतदार आहात तिथल्या आमदाराला दोन ओळींचे पत्र लिहा: विधेयकावर नावनिशीवार मतदान मागाल का, आणि नियम बदलताना लोकांना दहा दिवस तरी द्याल का? पत्रावर पोच घ्या. उत्तर आले तर मोहल्ल्यात वाचून दाखवा. नाही आले तर तेही सांगा.